तंबोरा ऐकू येतोय का?

२०२४ च्या डिसेंबरातली ही गोष्ट. लिहीन लिहीन म्हणत बरेच वीकेंड गेले. आता नाही लिहिलं तर कधीच नाही, म्हणून आज चहाचा दुसरा कप घेऊन बसलोय.

आधी थोडं कात्रजबद्दल. मी कात्रजला राहतो असं ऑफिसात सांगितलं की समोरच्याचे दोनच प्रश्न असतात. "रोज तिथून हिंजवडीला येतोस? वेडा आहेस का?" हा पहिला. आणि "ते साप आहेत तेच ना?" हा दुसरा. उरलेल्यांना कात्रजचं दूध माहीत असतं, बोगदा माहीत असतो, आणि कुणी कुणाला फसवलं की 'कात्रजचा घाट दाखवला' म्हणायचं एवढं माहीत असतं. पण आम्ही सातारा-सांगली-कोल्हापूरवाले कात्रजला का राहतो याचं उत्तर फार सोपं आहे. गावाकडून येणाऱ्या गाडीला पहिलं पुणं लागतं ते हे. पहाटे कंडक्टर "कात्रज, कात्रज" म्हणून ओरडतो, आपण डोळे चोळत सॅक उचलतो, आणि आईनं दिलेल्या चटणीच्या डब्यासकट दहा मिनिटांत घरी. माझं गाव मिरज.

मिरज दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध. दवाखाने आणि तंबोरे. तिथल्या सतारमेकर गल्लीत पिढ्यान्‌पिढ्या सतारी आणि तंबोरे बनतात. ही मंडळी मूळची शिकलगार, म्हणजे हत्यारांना धार लावणारी. तलवारींचे दिवस संपले आणि त्यांचे हात वाद्यांकडे वळले. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे भोपळे येतात, ते महिनोन्‌महिने वाळतात आणि मग त्यांचे तंबोरे होतात. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले. १९३७ मध्ये ते गेले, त्यालाही आता किती वर्षं झाली, पण मिरजेत आजही त्यांचं नाव घेताना लोक कानाच्या पाळीला हात लावतात. त्यांचे शिष्य रामभाऊ कुंदगोळकर म्हणजे सवाई गंधर्व, आणि त्यांचे शिष्य भीमसेन जोशी. गुरू १९५२ मध्ये गेले आणि १९५३ पासून भीमसेनजींनी त्यांच्या स्मरणार्थ पुण्यात जो महोत्सव सुरू केला, तो म्हणजे आपला 'सवाई'. म्हणजे सवाईचं मूळ आमच्या मिरजेत आहे, असं आमचे बाबा ठासून सांगतात. पुणेकरांनी वाद घालायचा असेल तर त्यांच्याशी घालावा, माझ्याशी नको.

बाबा पाटबंधारे खात्यात क्लार्क होते, आता रिटायर. गाणं शिकले ते हौशी. घरात एक मिरजेचा तंबोरा आहे, गवसणी घालून कोपऱ्यात उभा असतो. लहानपणी मला वाटायचं तो घरातला पाचवा माणूस आहे. मीही आठवीपर्यंत तबला शिकलो. मग नववी, दहावी, बारावी, सीईटी, इंजिनिअरिंग... पुढचं तुम्हाला माहीतच आहे. तुमच्यातल्या निम्म्या लोकांचीही हीच स्टोरी असणार, फक्त तबल्याच्या जागी पेटी किंवा भरतनाट्यम.

आता माझं काम. ऑनलाइन मीटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूचा गोंगाट काढून टाकणारा जो भाग असतो, त्या भागावर मी काम करतो. तुम्ही घरून कॉलवर असता, मागे कुकरची शिट्टी होते, मिक्सर चालू असतो, आणि तरी मॅनेजरला फक्त तुमचा आवाज जातो, ते आमच्या कृपेनं. साध्या भाषेत सांगायचं तर जुनी पद्धत अशी: जो आवाज बराच वेळ न बदलता चालू आहे तो पंखा, एसी किंवा मोटर समजायचा आणि वजा करायचा. नव्या पद्धतीत मॉडेलला हजारो तास माणसांचं बोलणं आणि हजारो तास गोंगाट ऐकवून फरक शिकवायचा. दोन्हींचा निष्कर्ष एकच. बोलणं ठेवा, बाकीचं टाका.

एकदा रविवारी बाबांनी मिरजेहून व्हिडिओ कॉल लावला. मांडीवर तंबोरा. नवीन तारा घातल्या होत्या, जवारी काढून आणली होती. (जवारी म्हणजे तंबोऱ्याच्या घोडीचा पृष्ठभाग अगदी अचूक घासून आणायचा. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा, तो नेमक्या जागी बसला की तार बोलत नाही, गुंजते.) बाबा तारा छेडत होते आणि तोंडभर हसत होते.

"काय, तंबोरा ऐकू येतोय का?"

"नाही हो बाबा."

"आता?"

"नाही. तुमचा आवाज येतोय नुसता."

मग मी ज्ञान पाजळलं. अल्गोरिदमला सतत एकसारखा चालणारा आवाज गोंगाट वाटतो, म्हणून तो काढून टाकतो, वगैरे वगैरे. बाबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे तुमच्या लेखी तंबोरा हा पंखाच की रे."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करता येतं, लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन शिकवणारे गाण्याचे सगळे क्लासवाले तेच करायचे, हे मी सांगितलं. पण मुद्दा तो नव्हता, हे दोघांनाही कळत होतं.

त्यानंतर दोनेक वर्षांत बाबांचं ऐकणं कमी झालं. आधी टीव्हीचा आवाज वाढला. मग आई स्वयंपाकघरातून काही म्हणाली की "हं हं" वाढलं. मग एका लग्नात त्यांनी कुणालातरी भलतंच उत्तर दिलं आणि सगळे हसले. त्या दिवसापासून लग्नांना जाणं कमी झालं. शेवटी कानाची मशिनं घेतली, दोन्ही कानांत. बोलणं बऱ्यापैकी ऐकू यायला लागलं. आम्ही खूश.

पण बाबांनी गाणं ऐकणं सोडलं. विचारलं की "डोकं दुखतं" म्हणायचे. तंबोऱ्याची गवसणी निघेना. दर डिसेंबरात मी "सवाईला या" म्हणायचो आणि दर डिसेंबरात "आता कुठं त्या गर्दीत" हे उत्तर यायचं. हाच माणूस ऐंशीच्या दशकात मिरजेहून रात्रीच्या गाडीनं येऊन रमणबागेच्या मैदानावर घोंगडी टाकून तीन तीन रात्री बसायचा! तेव्हा सवाई रात्रभर चालायचा. थंडीत कानटोपी, थर्मासमध्ये चहा, आणि शेवटच्या सकाळी भीमसेनजींचं गाणं. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी उठायचं नाही, असं बाबा सांगतात. पुढे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद झाले, आणि रात्रीचा सवाई दुपार-संध्याकाळचा होऊन जास्त दिवसांत पसरला. २०१८ पासून तो रमणबागेतून मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडा संकुलात गेला. बाबांनी मुकुंदनगरचा सवाई पाहिलाच नव्हता.

१५ डिसेंबर २०२४ ला झाकिर हुसेन गेले. सोमवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसलो होतो, नवले ब्रिजच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेलो, आणि बाबांचा फोन आला. बाबा स्वतःहून फोन करत नाहीत, फोनवर त्यांना नीट ऐकू येत नाही म्हणून.

"बातमी खरी आहे काय?"

"हो बाबा."

बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, "जानेवारीत राशिद खान गेला. प्रभाताई गेल्या. आता हा. यांना ऐकायचं राहिलं तर राहिलंच की रे." आणि मग एकदम, "सवाई कधी आहे?"

परवापासून, बुधवार ते रविवार, असं मी सांगितलं.

"येतो. शनिवार-रविवार. तुला सुट्टी असते ना?"

त्या दिवशी ऑफिसात मी काय काम केलं ते विचारू नका. डोक्यात एकच. बाबा येणार, पण त्यांना ऐकू काय येणार? डोकं दुखतं म्हणजे नक्की काय होतं, हे मी दोन वर्षांत एकदाही नीट विचारलं नव्हतं. रात्री जेवणानंतर कानाच्या मशीनबद्दल वाचत बसलो आणि अर्ध्या तासात कपाळाला हात लावला. कानाचं मशीन काय करतं? बोलणं ठेवतं, बाकीचं टाकतं! सतत चालणारा आवाज दाबतं. लांबलेला सूर आला की त्याला ती स्वतःचीच शिट्टी वाटते (माईक स्पीकरजवळ नेल्यावर वाजते ना, तशी) आणि तो ती मारायला जातं, त्यात सूर थरथरतो. आपलं बोलणं साधारण ६०-६५ डेसिबलचं, त्या हिशोबानं सगळी रचना. गाण्यातला मोठा आवाज त्याच्या कितीतरी वर जातो, मग तो फाटतो.

म्हणजे माझ्याच धंद्यातला अल्गोरिदम बाबांच्या कानात जाऊन बसला होता. आणि मी, त्या विषयातला तथाकथित तज्ज्ञ, दर डिसेंबरात त्यांना फक्त "या हो" म्हणत होतो.

शनिवारी पहाटे बाबा कात्रजला उतरले. हातात पिशवी, पिशवीत चटणीचा डबा आणि (मी डोळे चोळून पाहिलं) तीच जुनी घोंगडी. सकाळी दहा वाजता त्यांना सातारा रोडवरच्या एका ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन गेलो. बाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. मी कागदावर मुद्दे लिहून नेले होते, ते बघून त्या हसल्या. मशीनमध्ये गाण्यासाठी वेगळा प्रोग्रॅम बसवता येतो, म्हणाल्या. त्यात गोंगाट काढणं बंद, शिट्टी मारणं बंद किंवा अगदी कमी, आणि मोठा-लहान आवाज एका पातळीवर आणणंही कमी. मशीनचं बटण दाबून ठेवलं की बदलतो. "पण काका, यानं कान तरुण होणार नाहीत. वरच्या पट्टीतलं जे गेलंय ते गेलंय. आणि गर्दीत बोलणं कमी कळेल." बाबा म्हणाले, "बोलायला कोण जातंय?"

चार वाजताचं सत्र. कात्रज चौकातून स्वारगेटकडे जायचं म्हणजे २००६ मध्ये सुरू झालेली, देशातली पहिली म्हणून मिरवलेली बीआरटी. भारती विद्यापीठ, बालाजीनगर, पद्मावती करत पीएमपीएमएलच्या बसनं तासाभरात मुकुंदनगर. कात्रजपर्यंत मेट्रो मंजूर झालीय ऑगस्ट २०२४ मध्ये, ती होईल तेव्हा होईल. बाबा खिडकीशी बसून बघत होते. "इथं सगळी शेतं होती," हे वाक्य पुण्यात आलेल्या प्रत्येक वडिलांना म्हणावंच लागतं, ते त्यांनी पद्मावतीला म्हटलं.

आत गेल्यावर मात्र मी बघत राहिलो. मांडव प्रचंड, दोन्ही बाजूंना स्क्रीन, मागे खुर्च्या, पुढे भारतीय बैठक. बैठकीत कोण कोण! पंचाहत्तरीच्या आज्या, स्वेटर आणि शाल, पाठीला टेकायला घरून आणलेली उशी. कॉलेजची पोरं, हातात टॅब, राग ओळखायची पैज लावलेली. आमच्यासारखे आयटीवाले, गळ्यात ऑफिसचं आयडी कार्ड काढायचं विसरलेले. बाहेर बटाटेवड्याचा वास. बाबांनी घोंगडी पसरली. शेजारच्या काकूंनी जरा तिरक्या नजरेनं पाहिलं आणि मग म्हणाल्या, "आमच्याकडे पण होती. रमणबागेची." झालं, ओळख झाली!

गायिका तरुण होती. पहिली दहा मिनिटं मी गाण्याकडे बघतच नव्हतो, बाबांकडे बघत होतो. कपाळावर आठी. बटण दाबलं, परत दाबलं. मग दोन्ही मशिनं काढून खिशात टाकली. माझ्या पोटात गोळा आला. मशीनशिवाय त्यांना समोरचा स्पीकरसुद्धा दूरच्या गावातल्या बँडसारखा ऐकू येत असणार. मी काही बोललो नाही. आमच्या घरात अशा वेळी कुणी काही बोलत नाही, ही आमची पद्धत आहे. चांगली की वाईट, माहीत नाही.

मध्यंतरात कॉफी घेताना म्हणालो, "बाबा, नक्की काय होतं? मला नीट सांगा. मी याच गोष्टीचं काम करतो हो."

त्यांनी कॉफीकडे बघत सांगितलं. "गाणारी कळते, सूर कळतो, पण ती कशावर उभी आहे ते कळत नाही. जमीनच नाही. तार सप्तकात गेली की नुसतं धुकं. आणि मग मी ते आठवून भरत बसतो. इथं गंधार असणार, इथं असं असणार. त्यानं डोकं दुखतं." जरा थांबून म्हणाले, "घरी पण मी तेच करतो. तुझी आई बोलते त्यातलं निम्मं मी आठवून भरतो."

एवढं मोठं वाक्य बाबा माझ्याशी कधी बोलले होते ते मला आठवत नाही.

मी मशिनं मागितली. प्रोग्रॅम बघितला. बटण दाबताना ते एक घर पुढे जाऊन तिसऱ्याच प्रोग्रॅमवर बसत होतं, गर्दीतल्या बोलण्यासाठीच्या. (यूझर इंटरफेस बनवणाऱ्यांनो, साठीच्या माणसाच्या बोटांनी एकदा टेस्ट करा रे बाबांनो!) गाण्याचा प्रोग्रॅम लावून दिला आणि आम्ही स्पीकरपासून जरा लांब, मधोमध जाऊन बसलो. शेजारच्या काकूही आमच्याबरोबर सरकल्या.

पुढच्या कलाकाराची जुळवाजुळव चालू झाली. तुम्ही सवाईला गेला असाल तर हा वेळ तुम्ही व्हॉट्सॲपवर घालवला असेल. मीही तेच करतो. स्टेजवर दोन तंबोरे, दोन शिष्य, माईक वरखाली करणारा माणूस, हातोडीनं तबला ठोकणारे तबलजी. तंबोरे लावताना एकदा खर्ज जुळला आणि मांडवभर ती गुंज पसरली. पसरली म्हणजे काय, सगळीकडे होतीच, फक्त तेव्हा कळली. बाबांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"येतोय," ते म्हणाले. "अजून गाणं नाही, पण तंबोरा येतोय."

मी फोन खिशात ठेवला. तोपर्यंत शेकडो रेकॉर्डिंग ऐकली असतील मी, चांगल्या हेडफोनवर. पण तंबोरा नुसता ऐकत बसलोय, असं आयुष्यात पहिल्यांदाच केलं. रेकॉर्डिंगमध्ये तो मागे असतो. इथं आपण त्याच्या आत बसलेलो असतो. आणि त्याच्यात आणखी बरंच काही मिसळलेलं असतं: कुणाचा खोकला, लहान मुलाची कुरकुर, सम आली की हजारो लोकांचा एकदम सुटणारा श्वास. माझ्या मॉडेलला दिलं तर तो हे सगळं साफ करून देईल आणि उरेल एक स्वच्छ गळा. पण मग बाबा म्हणतात तसं, तो उभा कशावर राहणार?

शनिवारी मध्यरात्रीपर्यंत परवानगी असते. आम्ही पूर्ण वेळ बसलो. सगळं ऐकू आलं का? नाही. तार सप्तकातलं धुकं तसंच होतं. दोनदा आवाज फाटला आणि बाबांनी तोंड वाकडं केलं. पण मधल्या सप्तकात एक विलंबित चालू असताना ते मांडीवर ताल धरून बसले होते, समेला मान बरोबर पडत होती, आणि आठी गेली होती. रिक्षानं कात्रजला परत येताना थंडीत ते मोठमोठ्यानं बोलत होते, रिक्षावाला आरशातून बघत होता. मी त्याला खूण केली, बोलू दे.

रविवारी सकाळी उठलो तर बाबा घरात नाहीत. चप्पल नाही, मशिनं टेबलावर. पोटात धस्स. खाली जाऊन शोधलं, तलावाच्या रस्त्यापर्यंत गेलो. (हा नानासाहेब पेशव्यांच्या काळातला तलाव. इथलं पाणी भुयारी नळानं शनिवारवाड्यापर्यंत जायचं.) येताना आमच्या सोसायटीच्या मागच्या देवळातून टाळांचा आवाज आला. आत सात-आठ म्हातारे भजनाला बसलेले, सगळे सातारा-सांगलीकडचे, आणि त्यांच्यात आमचे बाबा. हातात कुणीतरी टाळ दिलेला. पखवाज अगदी गुडघ्याला लागून. ना माईक, ना स्पीकर, ना कानात मशीन. एवढ्या जवळून पखवाज वाजला की तो कानातून कमी आणि छातीतून जास्त ऐकू येतो. मी या सोसायटीत तीन वर्षं राहतोय. दर रविवारी हे भजन असतं हे मला माहीत नव्हतं. कारण दर रविवारी मी कानात नॉइज कॅन्सलिंग इअरफोन घालून झोपलेला असतो :)

दुपारी बारा वाजता परत मुकुंदनगर. घोंगडी, काकू, बटाटेवडा. काकूंनी आज आमच्यासाठी वड्या आणल्या होत्या. झाकिर हुसेन यांची आठवण निघाली तेव्हा बाबांनी मान खाली घातली. माझी बोटं मांडीवर आपोआप तीनतालाचा ठेका वाजवत होती. बाबांनी पाहिलं, काही म्हणाले नाहीत.

महोत्सवाचा शेवट अनेक वर्षं प्रभाताई अत्रे करायच्या. १३ जानेवारी २०२४ ला त्या गेल्या, त्यामुळे त्यांच्याशिवायचा हा पहिला सवाई. शेवटचं गाणं झाल्यावर लोक निघत नाहीत, कारण अजून एक गोष्ट बाकी असते. सवाई गंधर्वांच्या स्वतःच्या आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. स्टेजवर कुणी नसतं. मांडवभर माणसं गप्प, आणि पाऊण-एक शतकापूर्वीचा तो आवाज.

जुन्या तबकडीवर सुई फिरते तशी खरखर सुरू झाली आणि मला कामातलं किडं चावलंच. एवढी खरखर, किती सोपी आहे काढायला, पाच मिनिटांचं काम! तेवढ्यात बाबा माझ्या कानाशी वाकले. त्यांना वाटलं ते कुजबुजतायत, पण पुढच्या चार ओळींना ऐकू गेलं.

"खरखर येतीय रे! खरखर पण येतीय!"

काही लोक वळून बघायला लागले. काकूंनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं. बाबांचे डोळे भरले होते आणि ते हसत होते. मी स्टेजकडे बघत राहिलो, कारण आमच्या घरात अशा वेळी कुणी काही बोलत नाही.

सोमवारी सकाळी त्यांना कात्रजला गाडीत बसवून दिलं. खिडकीतून म्हणाले, "तबला आहे अजून घरी. शाई गेलीय, भरून आणतो." गाडी घाटाच्या दिशेनं गेली आणि मी हिंजवडीची बस पकडली.

असो. सवाई दर डिसेंबरात असतो, भारतीय बैठकीचं एका दिवसाचं तिकीटही मिळतं. घरच्यांना घेऊन जा. आणि घरात कुणी कानाचं मशीन वापरत असेल आणि गाणं नको म्हणत असेल, तर त्यांच्या ऑडिओलॉजिस्टला गाण्याच्या प्रोग्रॅमबद्दल एकदा विचारा. मला विचारायला दोन वर्षं लागली.

हल्ली रविवारी सकाळी मी इअरफोन घालत नाही. पुढच्या महिन्यात मिरजेला जाणार आहे. गवसणी निघालीय म्हणे. आई सांगत होती, तक्रारीच्या सुरात, की दिवसभर घरात पंखा चालू असतो.